कसर नेमकी कोणाची? घरच्या गोधडीचे विषाविना जतन

थंडी सरली, होळी झाली, की देशाच्या बऱ्याच भागांत पांघरुणे धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवण्याचे काम सुरू होते. रोजच्या वापरातील गोधड्या बाहेर राहतात. पाहुण्यांसाठीच्या, लेकीसोबत सासरी पाठवावयाच्या, बाळंतपणासाठी राखलेल्या गोधड्या मात्र पेटीत, माळ्यावर किंवा चवडीच्या तळाशी जातात. सात-आठ महिन्यांनी त्या उघडल्या, की एखादीवर बारीक छिद्रे आढळतात, एखादीवर खरवडल्यासारखे पट्टे दिसतात, तर एखादीच्या शिवणीत कोरडी कात सापडते. या सर्व नुकसानीसाठी आपल्या बोलण्यात एकच शब्द आहे : ‘कसर लागली’. त्यावरील उपायही बहुधा एकच असतो. डांबरगोळ्या टाकायच्या, आणि तेवढ्याने भागले नाही तर शेतातून उरलेले कीटकनाशक शिंपडायचे.

पिकावरील कीड ओळखल्याशिवाय फवारणी करू नये, असे विस्तार कार्यकर्ते शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. घरातील कापडालाही हाच नियम लागू पडतो. ‘कसर’ या एका शब्दामागे किमान चार वेगवेगळे कीटक दडलेले आहेत. त्यांचे अन्न वेगळे, लपण्याच्या जागा वेगळ्या आणि म्हणून त्यांवरील उपायही वेगळे. कीटक ओळखला, तर बहुतेक वेळा विषाची गरजच उरत नाही.

सुई एक, धागे दोन प्रकारचे

जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाचे थर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवण्याची कला भारतभर आढळते. महाराष्ट्रात ती गोधडी किंवा वाकळ, उत्तर कर्नाटकात कौदी, बंगालमध्ये कांथा, बिहारमध्ये सुजनी, तर राजस्थान आणि कच्छच्या वाळवंटी पट्ट्यात रल्ली. बंगालच्या कांथ्यात भरतकामासाठी जुन्या साड्यांच्या काठातील रंगीत धागे काढून वापरण्याची रीत होती. बिहारच्या मुझफ्फरपूर जिल्ह्यातील भुसुरा गाव सुजनीच्या कामासाठी ओळखले जाते. नवजात बाळाला जुन्या, मऊ कापडात लपेटण्याची प्रथा सुजनीच्या मुळाशी आहे. कर्नाटकातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया कडेपासून शिवायला प्रारंभ करून मध्याकडे येतात आणि चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या रंगीत तुकड्यांची ‘फुले’ बसवितात.

पंजाबची फुलकारी ही गोधडी नव्हे. तथापि आपल्या विषयासाठी तिचे उदाहरण बोधप्रद आहे. हातकताईच्या जाड सुती खादीवर, कापडाच्या उलट बाजूने, पीळ नसलेल्या रेशमी धाग्याने तिचे भरतकाम केले जाते. म्हणजे कापड वनस्पतिजन्य आणि भरतकाम प्राणिजन्य. सुती धागा सेल्युलोजचा बनलेला असतो. रेशीम आणि लोकर ही प्रथिने आहेत : रेशमात फायब्रॉइन, लोकरीत केराटिन. कापडावरील बहुतेक नुकसानकारक अळ्या प्रथिनांवर वाढतात. त्यामुळे अशा वस्त्राला कीड लागल्यास खालची खादी शाबूत राहून वरचे रेशीम तेवढे कुरतडलेले आढळू शकते. नुकसान कोणत्या धाग्याचे झाले आहे, हे पाहणे ही ओळखीची पहिली पायरी होय.

येथे एक प्रश्न साहजिकच उद्भवतो. गोधडी जर निव्वळ सुती असेल, तर तिला प्रथिने खाणारी कीड का लागावी? उत्तर कापडात नसून कापडावर साचलेल्या मळात आहे. घाम, तेल, दूध, सांडलेले वरण, बाळाची लघवी, केस आणि त्वचेचे कण यांतून अळीला प्रथिने, क्षार आणि जीवनसत्त्वे मिळतात. हे डाग खाताना अळी त्याखालचे सुती धागेही कुरतडते. म्हणूनच छिद्रे सर्वत्र विखुरलेली न आढळता बहुधा उशाच्या बाजूला किंवा जुन्या डागांभोवती आढळतात.

एका नावाचे चार धनी

१. रुपेरी कसर. ही बिनपंखी, चपळ, चांदीसारख्या खवल्यांची आणि मागे तीन लांब शेपट्या असणारी कीड सुमारे 10 ते 12 मिलिमीटर लांबीची असते. पुस्तकांच्या बांधणीतून पळताना ती सर्वांनीच पाहिलेली असते. तिला पिष्टमय पदार्थ प्रिय आहेत : कापडाची खळ, कागदावरील गोंद, भिंतीवरील चिक्की. ती छिद्र पाडण्याऐवजी पृष्ठभाग खरवडते. त्यामुळे कापड जागोजागी विरळ होते. तिला दमट हवा आवश्यक असते. जागा कोरडी राहिली, की तिची वाढ खुंटते.

२. गालिचा भुंगेरा. ‘अँथ्रेनस’ आणि ‘अ‍ॅटाजेनस’ या वंशांतील हे भुंगेरे 2 ते 5 मिलिमीटर लांबीचे, गोलसर किंवा अंडाकृती असतात. प्रौढ भुंगेरा कापड खात नाही. अनेक जातींचे प्रौढ फुलांवरील पराग आणि मकरंद यांवर जगतात. कोथिंबीर, गाजर यांसारख्या पिकांच्या फुलोऱ्यावर ‘अँथ्रेनस’ सहज आढळतो. नुकसान करते ती तपकिरी, केसाळ अळी. लोकर, रेशीम, पिसे, केस आणि मेलेले कीटक हे तिचे अन्न. ती वाढताना पुनःपुन्हा कात टाकते. शिवणीत सापडणारी केसाळ, कोरडी, पोकळ टरफले म्हणजे हीच कात. या अळीच्या केसांमुळे काही व्यक्तींच्या अंगावर खाजरे पुरळ उठते आणि घरातील माणसे त्याचा दोष ढेकणांना देतात.

३. लोकरीचा पतंग. ‘टिनिओला बिसेलिएला’ हा फिकट सोनेरी रंगाचा, अवघ्या 6 ते 8 मिलिमीटर लांबीचा पतंग दिव्याकडे न जाता अंधारात पळतो. प्रौढ पतंग काहीच खात नाही. मादी साधारणपणे 40 ते 50 अंडी घालते. अळी रेशमासारख्या धाग्यांची नळी विणून तीत राहते आणि लोकर कुरतडते. केराटिन पचविणे बहुसंख्य प्राण्यांना जमत नाही. या अळीच्या अन्नमार्गातील तीव्र अल्कधर्मी आणि क्षपणकारी स्थितीमुळे केराटिनमधील गंधकाचे बंध तुटतात व ते पचते. हिमालयीन राज्यांतील लोकरी शाली, पट्टू आणि दन यांचा हा प्रमुख शत्रू. याचाच एक नातेवाईक उष्ण व दमट प्रदेशांतील भिंतींवर नित्य दिसतो. भोपळ्याच्या बीसारखी चपटी, राखाडी पिशवी पाठीवर वाहणारी ती अळी कोळ्यांची जाळी, केस आणि लोकरीचे तंतू खाते.

४. वाळवी. सेल्युलोज पचवू शकणारी, म्हणून शुद्ध सुती गोधडीचीही खरी शत्रू. मातीच्या भिंतीला किंवा जमिनीला टेकलेल्या चवडीत ती खालून शिरते. मातीच्या बारीक नळ्या हे तिचे खात्रीचे लक्षण. पेटी किंवा फळी भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून उंच ठेवली, तर तिच्या नळ्या वेळीच नजरेस पडतात.

ढेकूण या यादीत नाही, कारण तो कापड खात नाही. गोधडीची शिवण ही त्याची केवळ लपण्याची जागा असते. रक्ताचे तपकिरी ठिपके आणि शिवणीतील पांढुरकी अंडी यांवरून तो ओळखता येतो.

धान्याची कोठी आणि गोधड्यांची चवड

लहान शेतकऱ्याच्या घरात धान्याची पोती, कणगी आणि अंथरुणांची चवड बहुधा एकाच खोलीत असते. कीटकशास्त्राच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. साठवणीतील गव्हाचा सुपरिचित शत्रू खापरा भुंगेरा, म्हणजेच ‘ट्रोगोडर्मा ग्रॅनेरियम’, हा गालिचा भुंगेऱ्याच्याच कुलातील आहे. त्याच्या अळ्या प्रतिकूल काळात सुप्तावस्थेत जातात आणि पोत्यांच्या शिवणींत, भिंतींच्या भेगांत अन्नाविना दीर्घकाळ तग धरतात. जुने बारदान धुतल्याशिवाय गोधडीच्या अस्तरासाठी वापरले, तर या अळ्या घराच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात पोहोचतात.

सोंडे किंवा कडधान्यावरील भुंगेरे गोधडी खात नाहीत. परंतु त्यांची मेलेली शरीरे, कात आणि पीठ हे गालिचा भुंगेऱ्याच्या अळ्यांचे आयते अन्न ठरते. धान्य कीडग्रस्त असेल, तर त्याच खोलीतील लोकरी व रेशमी वस्तूंना धोका वाढतो. म्हणून धान्य साठवणुकीच्या प्रशिक्षणात खोलीतील अंथरुणांचाही विचार व्हावा. शक्य असल्यास दोन्ही वेगळ्या खोल्यांत ठेवावीत. ते शक्य नसेल, तर किमान धान्य हवाबंद कोठीत असावे.

अंथरुणात विष नको

या विषयातील सर्वांत गंभीर बाब कापडाची नाही, माणसांची आहे. शेतीसाठी नोंदणीकृत कीटकनाशक हे विशिष्ट पिकासाठी, विशिष्ट किडीसाठी आणि विशिष्ट मात्रेत वापरण्यासाठी असते. 1968 च्या कीटकनाशक अधिनियमानुसार त्याची नोंदणी तशीच होते. ते गादी-गोधडीवर शिंपडल्यास झोपणाऱ्या व्यक्तीच्या त्वचेशी त्याचा रात्रभर संपर्क येतो. घाम आणि उष्णता यांमुळे ते त्वचेतून अधिक शोषले जाते. लहान मुले कापड तोंडात घालतात, हेही लक्षात घ्यावे. ढेकणांसाठी ही चूक सर्वाधिक होते.

धान्यासाठी आणलेल्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या खोलीत किंवा कपड्यांच्या पेटीत कदापि ठेवू नयेत. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन हा प्राणघातक वायू निघतो. शेजारच्या खोलीत धुरी दिल्याने झोपलेल्या माणसांचे प्राण गेल्याच्या घटना देशात घडलेल्या आहेत. या गोळ्यांचा वापर केवळ मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावयाचा असतो. शिवाय फॉस्फीन तांब्याला गंजवितो. त्यामुळे तांबेयुक्त जरीचे कामही काळवंडते.

डांबरगोळीबाबतही सावधगिरी हवी. तिच्यातील नॅफ्थालीनमुळे जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या अर्भकांच्या तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे तसेच वापरल्याने बाळांना असा त्रास झाल्याची वैद्यकीय नोंद आहे. ही कमतरता भारतातील काही आदिवासी समूहांत अधिक प्रमाणात आढळते आणि बाळाला ती आहे की नाही, हे घरच्यांना बहुधा ठाऊक नसते. म्हणून बाळाचे दुपटे, कुंची, टोपडे, झबले आणि लहान गोधडी यांत डांबरगोळी मुळीच घालू नये.

चौथी बाब अधिक दुर्लक्षित आहे. गोधडीसाठी जुने सदरे, धोतरे आणि लुगडी गोळा केली जातात. त्यांत फवारणीच्या वेळी वापरलेले कपडेही मिसळतात. पाण्यात मिसळण्यापूर्वीचे मूळ, तीव्र कीटकनाशक सुती कापडावर सांडले, तर अनेकदा धुऊनही ते पूर्णपणे निघत नाही. असा कपडा कितीही धडका असला, तरी गोधडीत घालू नये. फवारणीचे कपडे वेगळे ठेवावेत, वेगळे धुवावेत आणि फाटल्यावर त्यांचा घरगुती पुनर्वापर टाळावा. कीटकनाशकांच्या पिशव्यांचे प्लॅस्टिक अस्तरासाठी वापरणेही असेच घातक आहे.

शिवण्यापूर्वीची काळजी

कीड व्यवस्थापनाचा निम्मा भाग सुई हाती घेण्यापूर्वीच पूर्ण होतो. जुने सुती कापड गरम पाण्यात साबणासह भिजवून त्यातील खळ आणि तेलकटपणा काढावा. 60 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात कापडातील अंडी व अळ्या मरतात. नंतर कापड कडक उन्हात पूर्ण वाळवावे. आतील थरात ओल राहिल्यास बुरशी येते आणि रुपेरी कसरीला अनुकूल स्थिती मिळते.

सुती गोधडीच्या आत जुना स्वेटर, लोकरी शाल किंवा रेशमी साडीचा थर घालण्याचा मोह टाळावा. आत दडलेला प्राणिजन्य थर तपासता येत नाही आणि गरम पाण्यात धुताही येत नाही. उबेसाठी सुती थर वाढवावेत. लोकरीची किंवा रेशमाची वस्तू हवीच असेल, तर ती स्वतंत्र करावी.

भरतकामाचा रंगीत दोरा वापरण्यापूर्वी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावा. रंग फडक्यावर उतरला, तर ती वस्तू गरम पाण्यात धुता येणार नाही, हे आधीच कळते. टाके जवळजवळ आणि कडा पूर्ण बंद असाव्यात. सैल टाक्यांमुळे थरांत पोकळी राहते व तीत कचरा साचतो. नेहमीच्या वापरातील गोधडीला काढता येण्याजोगी सुती खोळ शिवणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. खोळ दर पंधरवड्याला धुता येते आणि मूळ गोधडीवर मळ साचत नाही. आरसे, कवड्या किंवा जरी लावलेल्या वस्तू मात्र उकळू नयेत.

साठवताना गोधडी स्वच्छ आणि पूर्ण कोरडी असावी. धुतलेल्या जुन्या सुती चादरीत ती गुंडाळावी. पेटीचे कोपरे ब्रशने झाडून घ्यावेत. सुकवलेला कडुनिंबाचा पाला किंवा वेखंडाचे तुकडे पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून पेटीत ठेवण्याची प्रथा आहे. त्यांच्या वासाने काही कीटक दूर राहतात. तथापि आत आधीच असलेल्या अळ्या त्याने मरत नाहीत. त्यामुळे पाला हा स्वच्छतेला पर्याय नव्हे. बाळाच्या कपड्यांत अशा पुरचुंड्याही ठेवू नयेत. त्यांच्यासाठी स्वच्छ धुलाई व कोरडी पेटी पुरेशी आहे.

कीड दिसल्यास

दोरीवर टाकलेल्या गोधडीला ऊन दिल्याने सर्व अळ्या मरतात, हा समज अपुरा आहे. अळ्या प्रकाश आणि उष्णता टाळून घडीच्या आत सरकतात. प्रथम गोधडी घराबाहेर नेऊन झोडपावी व शिवणी ब्रशने झाडाव्यात. त्यानंतर कडधान्यातील भुंगेऱ्यांसाठी वापरली जाणारी सौर तापन पद्धती सुती गोधडीलाही वापरता येते. जमिनीवर गवत किंवा पोती पसरून त्यावर काळे प्लॅस्टिक अंथरावे. पूर्ण कोरडी गोधडी एकेरी पसरावी. वरून पारदर्शक प्लॅस्टिक घालून कडा मातीने किंवा विटांनी दाबाव्यात. कडक उन्हात गोधडीच्या आतील तापमान 55 अंशांपर्यंत जाऊन तेथे तासभर टिकले, तर गालिचा भुंगेरा, पतंग व ढेकूण यांच्या सर्व अवस्था मरतात. जाड गोधडी उलटून दुसऱ्या दिवशी पुन्हा तापवावी. आतील थरात साधा तापमापक ठेवला, तर अंदाजावर अवलंबून राहावे लागत नाही.

रेशीम, लोकर आणि कच्च्या रंगांचे भरतकाम यांना ही उष्णता सोसत नाही. त्यांच्यासाठी थंडीचा उपाय आहे. वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करावी आणि उणे 18 अंश सेल्सिअस तापमानाच्या डीप फ्रीजरमध्ये 2 आठवडे ठेवावी. वस्त्रसंग्रहालयांत हीच पद्धत वापरली जाते. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच न उघडता ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, अन्यथा कापडावर पाणी धरते.

बचत गटांसाठी आणि विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गोधड्या शिवून विकणाऱ्या महिला बचत गटांच्या संख्येचा विचार करता हा विषय केवळ घरापुरता राहिलेला नाही. गटाकडे अनेक घरांतून जुने कापड येते आणि त्याबरोबर अनेक घरांतील कीटकही येतात. नवीन बियाणे किंवा जनावर आणल्यावर जसे काही दिवस वेगळे ठेवतात, तसे आलेले कापड धुवून वाळविल्याशिवाय शिवणकामाच्या खोलीत नेऊ नये. तयार माल आधी आलेला आधी जाईल अशा क्रमाने विकावा. शिल्लक साठा दर 3 महिन्यांनी उघडून झटकावा आणि खोलीच्या कोपऱ्यांत चिकट सापळे ठेवून त्यांत कोणता कीटक सापडतो, याची नोंद करावी. ग्राहकाकडे पोहोचलेल्या एका कीडग्रस्त गोधडीने वर्षभर कमावलेला विश्वास गमावला जाऊ शकतो.

वेळापत्रक ठरविण्यासाठी आपल्या परंपरेत सोय आहे. महाराष्ट्राच्या खेड्यांत घटस्थापनेपूर्वी घरातील सर्व अंथरुणे-पांघरुणे नदीवर किंवा विहिरीवर नेऊन धुण्याची रीत आजही पाळली जाते. पावसाळ्यातील दमट हवेत कसर आणि बुरशी वाढलेली असताना नेमक्या त्याच वेळी ही धुलाई होते. होळीनंतरची साठवण, पावसापूर्वीची तपासणी आणि दसऱ्यापूर्वीची धुलाई हे तीन टप्पे पाळले, तर वर्षभराचे काम सांभाळले जाते. इतर राज्यांतील कार्यकर्त्यांनी आपापल्या सणांनुसार व हवामानानुसार हे टप्पे ठरवावेत.

पुढील शेतीशाळेत किंवा गटाच्या बैठकीत प्रत्येकीला घरातील एक कुरतडलेले वस्त्र पिशवीत बंद करून आणण्यास सांगावे. दहा पटींचे भिंग सोबत असले, की पुरे. खरवडलेला पृष्ठभाग, केसाळ कात, रेशमी नळी आणि मातीचे कण या चार खुणा ओळखता आल्या, की कोणत्या घरात उन्हाची गरज आहे, कोणत्या घरात पेटी हलविण्याची आणि कोणत्या घरात धान्याची कोठी बदलण्याची, हे महिला स्वतःच सांगू लागतील. त्याच बैठकीत दोन प्रश्न अवश्य विचारावेत : बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी आहे का, आणि अंथरुणावर शेतातील औषध शिंपडले आहे का. दोहोंपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ आले, तर बाळाचे सर्व कपडे धुऊन, उन्हात वाळवूनच वापरण्यास सांगावे. औषध शिंपडलेले अंथरूण मात्र त्याच दिवशी वापरातून काढावे आणि पुन्हा कोणाच्याही अंगाखाली जाऊ देऊ नये.